कोड पुसण्याआधी

दारं बंद करून गाडीत बसा. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. मीटरवरचे सगळे दिवे लागतील. त्यातल्या इंजिनाच्या आकाराच्या पिवळ्या दिव्याकडे पाहा. श्वास सावकाश होऊ द्या. (चालत्या गाडीत हाच दिवा लुकलुकत असेल, तर मनन नंतर. आधी गाडी बाजूला घ्या; न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.)

आता स्टीअरिंगखाली हात न्या. बोटांना सोळा पिनांचं सॉकेट लागेल. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक नव्या पेट्रोल कारमध्ये ते आहे. स्कॅनर जोडा आणि थांबा.

पडद्यावर उमटतं : पी ०१७१. मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. लगेच मनात एखाद्या पार्टचं नाव येईल. ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाकू.’ ते नाव येऊ द्या, पण त्याच्यामागे जाऊ नका. त्या सेन्सरने फक्त खबर दिली आहे. खबर देणाऱ्यालाच आपण किती सहज धरतो, आणि धडधाकट सेन्सरपायी गाडीवाल्याचे किती पैसे जातात!

गाडीच्या कॉम्प्युटरनेसुद्धा घाई केलेली नाही. पहिल्यांदा बिघाड जाणवला तेव्हा त्याने तो नुसता नोंदवून ठेवला. पुढच्या फेरीत तेच दिसलं, तेव्हा दिवा लावला. ही सबुरी आपल्यात आहे का, हे स्वतःला विचारा.

‘कोड पुसा’ हे बटण समोरच आहे. त्याला हात लावू नका. कोडबरोबर आणखी एक गोष्ट पुसली जाते : फ्रीझ फ्रेम, म्हणजे नोंद झाली त्या क्षणाचे आकडे. ते वाचा. इंजिन गरम. वेग शून्य. आरपीएम ७५०. कुठे असेल गाडी तेव्हा? सिग्नलला, टोलच्या रांगेत, शाळेच्या फाटकापाशी. त्या उभ्या गाडीपाशी मन थोडा वेळ राहू द्या. बिघाड उभ्या गाडीत सापडला, ही खूण मोलाची आहे.

आता इंजिन सुरू करा आणि लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा. कॉम्प्युटरला ठरल्यापेक्षा किती पेट्रोल जास्त द्यावं लागतंय, ते इथे दिसतं. उभ्या गाडीत अधिक २२ टक्के. आकडा स्थिर होईपर्यंत फक्त बघत राहा. मग हलकेच रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा. आकडा उतरतो : पंधरा, नऊ, चार.

का उतरला? इंजिन कुठूनतरी न मोजलेली हवा ओढतंय. फट तेवढीच आहे, पण उभ्या गाडीत इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा. रेस दिली की मोजलेली हवा वाढते आणि तो वाटा नगण्य होतो. उलट, लोड वाढताना आकडाही चढत गेला असता, तर पेट्रोलच्या पंपाकडे, फिल्टरकडे बघावं लागलं असतं. हे गणित हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीचं. नुसता मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर अशी गळती ट्रिममध्ये कमी आणि चढ्या आयडलमध्ये जास्त दिसते. आपली गाडी कोणती, हे आधी माहीत हवं.

बॉनेट उघडा. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून ऐका. इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारे रबरी पाइप एकेक करून नजरेखालून घाला, विशेषतः वाकलेल्या जागी. बारीक सुस्कारा कुठून येतो? पाइपला तिथेच चीर असेल.

पाइप बदलल्यावर ट्रिम पुन्हा बघा. तो शून्याच्या आसपास आला की मग कोड पुसा. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या आता अपूर्ण दिसतील. थंड इंजिनापासून सुरू होणाऱ्या रोजच्या फेऱ्यांत त्या एकेक करून पूर्ण होतात. तोवर स्कॅनर काढून ठेवा आणि गाडी नेहमीसारखी चालवा.