बाण वर होता म्हणून

उभाच राहा. ते स्टूल तुझ्यासाठी नाही, त्यावर हे कॅबिनेट ठेवायचंय. आडवं ठेव. आडवं! आत्तासुद्धा उभंच ठेवायला निघालास. काचेची बाजू वर येऊ दे. हं. आता हात मागे घे आणि मी सांगेपर्यंत कशालाही शिवू नकोस.

फोनवर काय म्हणालास? ‘मॅडम, पुण्याहून आणला आणि चालूच होत नाही, बहुतेक एसएमपीएस गेला.’ एसएमपीएस गेला म्हणे! हलवल्यावर आतून घुंगरू वाजल्यासारखा आवाज येतोय, तरी काच उघडून बघायची तसदी घेतली नाहीस. उलट तीनदा बटण दाबून बघितलंस. हे बघ, तुझं घुंगरू. पंख्याची तारेची क्लिप. निसटून मदरबोर्डवर आडवी पडली होती. लोखंडाची तार सर्किटवर लोळत असताना तू त्यात वीज सोडलीस, तीही तीनदा. दोन वर्षं माझ्या लॅबमध्ये काढलीस तू. बाहेर कोणाला सांगू नकोस.

आता नीट बघ. कूलर धरणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक पार सुटलाय. दुसऱ्यावर सगळा डोलारा लोंबकळतोय. त्याचा कोपरा ग्राफिक्स कार्डावर येऊन टेकलाय, कार्डाच्या स्लॉटची खुंटी मोडलीये. आणि कूलरच्या बुडाला काय चिकटलंय? प्रोसेसर. तव्याला भाकरी चिकटावी तसा. सॉकेटची दांडी मात्र लावलेलीच आहे! दाराला कडी आणि माणूस घराबाहेर.

‘पण मॅडम, पॅकिंग एकदम जबरदस्त केलं होतं.’ केलं होतंस ना, मी पाहिलं. मूळ खोका, दोन्ही बाजूंना थर्माकोल, वरून आजीची गोधडी आणि त्यावर अशी सुतळी की सोडवायला मला कात्री लागली. रस्त्यावरच्या कोणी लाथ घातली असती तरी बाहेरच्या पत्र्याला पोचा आला नसता. पण सव्वा किलोचा घण तू स्वतः आत टांगून ठेवला होतास, त्याचं काय? गोधडी बाहेर आणि घण आत. रात्रभर, कुंभार्ली घाट उतरेपर्यंत, तो आतून ठोके देत होता आणि तू बसच्या खिडकीशी घोरत होतास.

उभा का ठेवलास, हे विचारलं तर उत्तर काय, तर ‘खोक्यावर बाण वर होता.’ अरे, तो बाण रिकाम्या कॅबिनेटसाठी आहे! कारखान्यातून निघाला तेव्हा त्या डब्यात ना मदरबोर्ड होता ना कूलर. तो थर्माकोलही रिकाम्या पत्र्याच्या वजनाला बेतलेला. आत काय भरलंय हे खोक्याला ठाऊक नसतं, तुला ठाऊक होतं. आणि तू खोक्याचं ऐकलंस.

अकरावीत बल-आघूर्ण शिकलास. मार्क पडले, संपलं. आता इकडे ये. ही पाण्याने भरलेली बाटली घे, एक लिटरची. छातीशी धर. जड लागते? नाही. आता हात सरळ पुढे ताणून धर. धरून ठेव, खाली करायचा नाही. मी बोलतेय तोवर.

कॅबिनेट उभं असलं की मदरबोर्ड भिंतीसारखा उभा राहतो आणि त्यातून कूलर बाहेर आलेला असतो, तुझ्या आत्ताच्या हातासारखा. उदाहरण म्हणून नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी १५ घे. दोन पंख्यांसकट १३२० ग्रॅम वजन, उंची १६५ मिलिमीटर. तुझा दुसऱ्या कंपनीचा असला तरी वजनाने त्याचाच भाऊ. त्याचा भार बोर्डापासून साधारण आठ सेंटिमीटर पुढे लटकतो. टेबलावर स्वस्थ असताना बॅकप्लेट आणि स्क्रू तो वर्षानुवर्षं पेलतात, त्यात काही वाद नाही. पण चाक खड्ड्यात आदळलं आणि धक्का तीन जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या तिप्पट, बसला, की त्या क्षणापुरते १३२० ग्रॅमचे जवळजवळ चार किलो होतात. तेही पुढे ताणलेल्या हातावर. मग वर उसळी, मग पुन्हा खाली. स्क्रूला एका धक्क्याने काही होत नाही, हजार हिसक्यांनी तो एकेका आट्याने सुटत जातो. एकदा एक बाजू ढिली पडली की कूलर तिरका होतो आणि मधल्या थर्मल पेस्टच्या चिकटीने प्रोसेसरला उपटून बरोबर घेऊन जातो.

आडवं ठेवलं असतंस तर? मदरबोर्ड जमिनीला समांतर, कूलर त्याच्यावर धुराड्यासारखा उभा. वजन सरळ खाली, सॉकेटवर. मुळात तो सॉकेट दाब सोसायलाच बनवलेला असतो. धक्के बसायचे ते बसलेच असते, पण ओढ बसली नसती. पाण्याची कळशी बायका कडेवर घेतात, हात लांब करून धरत नाहीत. त्यांना कोणी आघूर्ण शिकवलं नव्हतं.

हात खाली आला. बघितलंस? दोन मिनिटंही झाली नाहीत. ठेव बाटली.

आणि हे काही मी माझ्या मनचं सांगत नाही. नॉक्टुआ स्वतः सांगते, की ७०० ग्रॅमच्या वरचा हीटसिंक वाहतुकीआधी काढून ठेवा, नाहीतर नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. २०१५मध्ये इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर आले, त्यांची खालची पट्टी आधीच्यांपेक्षा पातळ होती. त्याच वर्षाच्या शेवटी स्काईथ या जपानी कूलर कंपनीने गिऱ्हाइकांना कळवलं, की आमच्या काही कूलरांचा दाब जास्त आहे, पार्सल पाठवताना किंवा घर बदलताना जोराचा धक्का बसला तर प्रोसेसर किंवा बोर्ड बिघडू शकतो. मग त्यांनी बदली स्क्रू फुकट वाटले. कूलर बनवणारे घाबरतात, तू मात्र निवांत. आमच्या वेळी प्रोसेसरवर मूठभर ॲल्युमिनियम असायचं, चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसायचं. संगणक रिक्षात घालून न्यायचो आणि काही होत नसे. त्या सवयी आजच्या राक्षसांना लावून कशा चालतील?

कूलर का काढला नाहीस? लाजू नकोस, बोल. ‘परत लावायला पेस्ट नव्हती.’ दोन-तीनशे रुपयांची नळी वाचवलीस. छान. आणि काढायची भीती वाटत होती, हे खरं कारण आहे ना? ते तरी सरळ सांगायचं होतंस, भीतीवर मला उपाय माहीत आहे. संगणक दहा मिनिटं चालवायचा, पेस्ट कोमट होऊन मऊ पडते. मग बंद, वायर काढलेली. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सोडायचे. एक पूर्ण सोडून मग दुसरा, असं करायचं नाही. मग कूलर धरून हळूच डावीकडे-उजवीकडे पिळायचा, बरणीचं घट्ट झाकण फिरवतात तसा. चिकटी सुटली की उचलायचा. सरळ वर ओढलास तर तुझ्या एएम४ सॉकेटमधून प्रोसेसर दांडी लावलेली असतानाच बाहेर येतो. इंटेलवाल्यांना ही धास्ती नाही, तिथे प्रोसेसरवर चौकट बसते. एएमडीनेही २०२२मध्ये एएम५ काढला आणि पिना मदरबोर्डवर नेल्या. पण तुझ्याकडे ते नाही. तुझ्याकडे १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला आहेत आणि त्यातल्या कितीतरी आत्ता वादळात सापडलेल्या शेतासारख्या झोपल्यात.

पुढच्या खेपेसाठी ऐक. खेप येणारच, कारण तू पुण्यात भाड्याच्या खोल्या बदलतोस ते मला माहीत आहे. संगणक स्वतःच्या किंवा मित्राच्या गाडीतून जाणार असेल, तर मागच्या सीटवर आडवा, मदरबोर्डची बाजू खाली, काच वर, काचेवर काहीही ठेवायचं नाही, तुझी बॅगसुद्धा नाही. सीट उतरती असेल तर खाली गोधडी घालून सपाट करायची. आजीची गोधडी तिथे कामाला येईल. पट्टा लावायचा आणि ड्रायव्हरला सांगायचं की मागे बाळंतीण आहे. बस, कुरियर, टेम्पो, म्हणजे जिथे दुसऱ्याचा हात लागणार, तिथे कूलर काढायचाच. डिकीत आडवं ठेवलेलं खोकं वाटेत पाटणला कोण उभं करतो, ते तुला कळणार आहे का?

कार्ड तर दोन्ही वेळा काढायचं. मागचे स्क्रू, स्लॉटची खुंटी दाबायची आणि मग उचलायचं. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून हातातल्या सॅकमध्ये. हार्ड डिस्क असेल तर तीही. फोटोंची नक्कल आधी काढायची, हे मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, आता पुन्हा सांगत बसत नाही.

कूलर अगदीच काढता येत नसेल, तर त्याच्या खाली आणि कार्डाच्या मधल्या पोकळीत कागदाच्या घड्या हलक्या हाताने बसवायच्या, दाबून कोंबायच्या नाहीत. साधा बबल रॅप आत नको, त्याने स्थिर वीज साठते. आणि पोहोचल्यावर बटण दाबण्याआधी त्या घड्या काढायच्या. हसू नकोस, मी स्वतः एकदा विसरले आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणक चालू केला तर आत चरक फिरल्यासारखी घरघर, आणि पाहते तर वर्तमानपत्राची अर्थविषयक पुरवणी पंख्यात गुंतलेली. तेव्हापासून प्रवासाला निघालेल्या संगणकाच्या बटणावर मी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर लिहिते: आधी उघड.

आता तो टेबललॅम्प खाली ओढ. भिंग दे. कप्प्यात शिसं काढलेली यांत्रिक पेन्सिल आहे ना, सात-दशांश मिलिमीटरची, ती दे. तिचं नळीसारखं टोक पिनेवर बसतं. ओळीच्या दोन्ही अंगांनी पातळ पातं फिरवून आधी अंदाज घ्यायचा, मग एकेक पीन अलगद उचलायची. एका दमात नव्वद अंश केली की ती तुटते, आणि तुटलेली पीन उभी करण्याचा मंत्र माझ्याकडे नाही. चालेल की नाही, आज रात्री सांगता येणार नाही. ही ओळ मी करते, पुढची तू करशील.

स्टूल ओढ जवळ. बस. आणि शिंक आली तर तोंड तिकडे फिरव.