दया कोणाच्या वाट्याला?

१९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा, असे पोलिसांनी सांगितले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि रस्ते-अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. साऱ्या देशात संताप उसळला. ज्या आईबापांची कर्ती लेकरे गेली, त्यांच्या दुःखाशी हा संताप इमान राखणारा होता. परंतु त्यातून जी मागणी पुढे आली, तिचा मात्र शांत चित्ताने विचार केला पाहिजे. मागणी अशी की, हा कायदाच मवाळ आहे. वयाची मर्यादा खाली आणा आणि पोरांना मोठ्यांप्रमाणे शिक्षा द्या.

प्रश्न असा की, श्रीमंताच्या मुलाला दया मिळते आणि गरिबाच्या मुलाला मिळत नाही, तेव्हा न्याय कशात आहे? ती दया सर्वांकडून काढून घेण्यात, की सर्वांपर्यंत पोचविण्यात?

मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला. १९८६ च्या कायद्याने मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ ही वयोमर्यादा धरली. २००० साली ती सर्वांसाठी १८ झाली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर लोकक्षोभ झाला आणि २०१५ च्या कायद्याने एक दार उघडले. १६ ते १८ वयाच्या मुलाने किमान ७ वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा केला असेल, तर मंडळ त्याची मानसिक कुवत तपासते आणि मोठ्यांप्रमाणे खटला चालवावा काय, हे ठरविते. ही तपासणी अत्यंत नाजूक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली बजावले आहे.

ती नाजूक का, हे वस्तीतल्या माणसाला सांगायला नको. बाराव्या वर्षापासून गॅरेजात राबणारा पोरगा व्यवहारात तरबेज दिसतो. पोलिसांशी कसे बोलावे, हे त्याला ठाऊक असते. त्याला पाहून कोणीही म्हणेल, ‘याला सगळे कळते.’ बंगल्यातला मुलगा त्याच वयाचा असून ‘अजून लहान’ वाटतो. म्हणजे ज्या गरिबीने बालपण हिरावले, तीच गरिबी त्याच्याविरुद्ध पुरावा ठरावयाची!

जामिनाचेही तसेच. कायदा सांगतो की, मुलाला जामीन द्यावा. तो वाईट संगतीत सापडणार असेल, त्याला धोका असेल किंवा न्यायाचा हेतू विफल होणार असेल, तरच नाकारावा. पण दुरून पाहणाऱ्याला आमची सगळी वस्तीच वाईट संगत वाटते. शिवाय हमी देण्यास बाप उभा राहावा लागतो. जो बाप नाक्यावर मजुरीसाठी उभा असतो, तो कचेरीत उभा राहिला तर त्या दिवशी चूल पेटत नाही.

जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची खोड या देशाला जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली आणि त्या जमातींची मुले आईबापांपासून तोडण्याची मुभा सरकारला मिळाली. तो कायदा १९५२ साली गेला. नजर गेली काय? कल्याणीनगरच्या रागातून वयोमर्यादा खाली आली, तर तिचा पहिला फटका कल्याणीनगरला बसणार नाही.

मग अपराध्याला नुसते सोडून द्यावे काय? मुळीच नाही. श्रावस्तीच्या वाटेवर काही मुले मासे पकडून त्यांना छळत होती. तथागतांनी त्यांना विचारले, तुम्हाला दुःखाची भीती वाटते काय? मुले हो म्हणाली. तर मग पापकर्म करू नका, असे त्यांनी सांगितले. त्यांनी मुलांना हाकलले नाही आणि ‘लहान आहेत’ म्हणून दुर्लक्षही केले नाही. दुसऱ्याची वेदना स्वतःच्या वेदनेवरून ओळखावयास लावली. करुणा ती हीच. त्या निबंधाचा दोष तो सौम्य होता हा नव्हे. तो मृतांच्या घरच्या दुःखाला कोठेच स्पर्श करीत नव्हता, हा होय. निबंध आम्ही शाळेत रोज लिहून घेतो. त्याने शुद्धलेखन सुधारते. माणूस सुधारण्यास माणसेच लागतात.

तेव्हा वाचकहो, काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. अटक झालेल्या मुलाच्या वयाचा पहिला पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. शाळा सुटलेल्या मुलांचेही दाखले घरात जपून ठेवा. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते आणि वकील मोफत मिळतो, हे प्रत्येक विहारात माहीत असले पाहिजे. आणि ज्याचा बाप येऊ शकत नाही, त्याच्या पाठीशी वस्तीतल्या चार जाणत्या माणसांनी उभे राहावे. श्रीमंताच्या मुलामागे त्या दिवशी पैसा उभा होता. आपल्या मुलामागे निदान समाज तरी उभा असावा.