चपला कुठे काढायच्या?

तिकीट काढून बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरलं, की थोड्याच अंतरावर एका दाराशी पादत्राणांची रांग दिसते. मराठी पर्यटकाला कुणी सांगावं लागत नाही. तो वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागतो. मग एकदम मनात येतं, अरे, हे तर संग्रहालय!

ही बुद्धैसवन वास्तू. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा पहिला राम याच्या धाकट्या भावानं, म्हणजे उपराजानं, 1795 साली ती आपल्या वाड्यात बांधली, 'फ्रा फुत्थ सिहिंग' या बुद्धमूर्तीसाठी. पुढे वाड्याचं संग्रहालय झालं, तरी मूर्तीची पूजा चालूच राहिली. भिंतींवर हात जोडलेल्या देवतांच्या रांगा रंगवल्या आहेत, सगळ्या मूर्तीकडे तोंड करून. खाली माणसं तशीच बसलेली असतात. दंतकथा सांगते की ही मूर्ती श्रीलंकेहून आली. चियांग माई आणि नाखोन सी थम्मरात इथल्या मूर्तीही तोच मान सांगतात. एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, मूर्ती मिरवत बाहेर नेतात, लोक तिच्यावर सुगंधी पाणी घालतात आणि अभिषेक घेऊन ती परत संग्रहालयात येते.

याच आवारात दुसऱ्या दालनात गणपती आहे. तो पूर्व जावातल्या सिंगोसारीचा. सयामचा राजा चुलालोंगकोर्न 1896 मध्ये जावाला गेला, तेव्हा डचांनी तो त्याला भेट दिला. दगडी, लंबोदर, पण आसनाला मोदकांऐवजी कवट्यांची ओळ! इथे बूट पायातच असतात.

एका छपराखाली वंदन, दुसऱ्याखाली नुसतं दर्शन. फरक नेमका कशात?

मराठी घरात याचं उत्तर तयार असतं. भाद्रपदात शाडूच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते. उत्तरपूजेला अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी हलवली, की देव निघाला. राहिली ती माती. देव येतो आणि जातो, मूर्ती म्हणजे त्याचं मुक्कामाचं घर. पण सिंगोसारीच्या गणपतीची उत्तरपूजा कुणी केली? जहाजावर चढवण्याआधी अक्षता वाहिल्या असतील, असं वाटत नाही.

बुद्धाच्या बाबतीत पेच याहून अवघड आहे. थेरवाद परंपरेनुसार तो परिनिर्वाणात गेला, आता बोलावून येणार नाही. मग मूर्तीत कोण आहे? हाच प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला घालतो: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो मुक्त झालेला नाही, आणि स्वीकारत नसेल तर पूजा वाया. नागसेन विझलेल्या आगीचा दाखला देतो. ती आग काही मागत नाही, पण म्हणून जगातली आग संपत नाही. ज्याला हवी तो अरणी घासून आपली आपण पेटवतो. वारा पडला तर पंखा हलवतो. थोडक्यात, पूजेचं फळ घेणाऱ्यावर नाही, करणाऱ्यावर अवलंबून.

तरीही लोकांना तेवढ्यावर चैन पडत नाही. उत्तर थायलंडमध्ये नव्या मूर्तीचे डोळे मेणानं झाकतात, भिक्खू रात्रभर पठण करून तिला बुद्धाचंच चरित्र ऐकवतात आणि पहाटे डोळे उघडतात. ज्याच्या आत कुणी येणार नाही, त्याला आधी शिकवायचं, मग जागं करायचं! नागसेनाला हे पटलं असतं की नाही, कोण जाणे.

पण त्याचं उत्तर धरलं, तर बुद्धैसवनमधल्या भाविकाला तिकीटखिडकीची अडचण उरत नाही. आत कुणी असलं-नसलं, त्याची आग त्यालाच पेटवायची आहे. पंचाईत होते ती प्राणप्रतिष्ठेच्या संस्कारात वाढलेल्या पाहुण्याची. कवट्यांवरच्या गणपतीसमोर तो बूट घालून उभा असतो, माहितीफलक वाचतो, तारीख बघतो. मग आजूबाजूला कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून उजवा हात पटकन छातीला लावतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो.