करवती काठापाशी

घरात कोशाची करवती साडी असेल तर ती काढून मांडीवर घ्या. सगळी उलगडू नका, काठ दिसेल एवढीच घडी मोकळी करा. साडी नसेल तरी बिघडत नाही. पुढचं सगळं डोळे मिटूनही पाहता येईल. बोट साडीच्या अंगावर ठेवा, त्या मातकट पिवळ्या, न रंगवलेल्या कोशावर, आणि सावकाश काठाकडे न्या. जिथे रंग बदलतो तिथे थांबा. आजचं मनन एवढ्याच जागेचं आहे.

ही रेघ सरळ नाही. करवतीच्या दातांसारखे लहान दाते एका रंगातून दुसऱ्यात शिरलेले आहेत. इथे शिवण नाही, ठसा नाही. दोन वेगळे धागे इथे भेटले आणि कापड अखंड राहिलं. ते कसं, हे घाई न करता पाहू.

त्यासाठी आधी माग सोडून रानात जाऊ. गडचिरोली जिल्ह्यातलं आरमोरी, चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड. १९८२ पर्यंत ही दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. धानाचा, तलावांचा, वैनगंगेचा हा मुलूख. तलावात जाळं टाकणारा ढिवर समाजच इथे पिढ्यान्‌पिढ्या कोसा पिकवत आला आहे. पाऊस लागला, बांधीत रोवणी सुरू झाली की त्याच सुमारास काही माणसं कोशाच्या अळ्या घेऊन ऐनाच्या झाडांकडे जातात. ऐन म्हणजे गोंडांचा साजा, ज्याच्या ठायी ते बडादेव मानतात. तुतीचा रेशीमकिडा माणसाच्या घरात, टोपलीत वाढतो. कोशाची, म्हणजे टसरची, अळी उघड्या झाडावर, पावसात, वाऱ्यात वाढते.

एका फांदीवर मन ठेवा. हिरव्या पानावर हिरवी अळी. ती खाते, फक्त खाते. मग एक दिवस खाणं सोडून निश्चल होते. कात टाकायची वेळ आलेली असते. असं चारदा होतं. या थांबण्याकडे बघा. राखण करणारा माणूस त्या वेळी फांदी हलवत नाही, अळीला दुसऱ्या झाडावर नेत नाही. एरवी पानं संपली की डहाळी कापून नव्या झाडावर न्यायची, मुंग्या आणि गांधीलमाशा आवरायच्या, पाखरं हाकलायची. दिवसभर झाडाखाली उभं राहायचं, मान वर करून. या रानात वाघ आहे, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. साडीच्या किमतीत या उभं राहण्याचा वाटा किती, हा प्रश्न मी सोडवत नाही. तुम्ही तो थोडा वेळ जवळ ठेवा.

शेवटी अळी पानं जवळ ओढते. आधी डहाळीभोवती एक कडं विणते, कड्याला देठ आणि देठाला कोष. कोष झाडाला असा घट्ट लटकतो की वादळात पान गळतं, कोष गळत नाही. आत ती डोकं या बाजूहून त्या बाजूला फिरवत राहते. तिच्या पोटात रेशमाच्या दोन ग्रंथी आहेत. दोन्हींतून एकेक तंतू येतो आणि तोंडापाशी ते एक होतात. म्हणजे आपण ज्याला एक धागा म्हणतो तो मुळातच दोघांचा आहे.

आता एक कठीण जागा येते. ती ओलांडून पुढे जाऊ नका. अखंड धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडण्याआधी आतला जीव उन्हाने किंवा वाफेने मारावा लागतो. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांतून पतंग बाहेर येतात. त्यांना खाण्यासाठी तोंडच नसतं. जोडी जमते, मादी अंडी घालते आणि दोघं संपतात. काही कोषांतला जीव सबंध हिवाळा आणि ४५ अंशांच्या पुढे जाणारा चंद्रपूरचा उन्हाळा आत झोपून काढतो आणि पहिल्या पावसाला बाहेर येतो. पतंग निघून गेलेल्या कोषाचाही धागा निघतो. तो उकलता येत नाही, कातावा लागतो, म्हणून जाडाभरडा होतो. मला तो फार आवडतो. पण तुमच्या मांडीवरची साडी बहुतेक त्याची नाही, आणि हे माहीत असूनच तिच्यावर हात ठेवावा.

मग कोष सोड्याच्या पाण्यात उकळतात. बायका काही कोषांची टोकं एकत्र धरून मांडीवर घासत पीळ देतात आणि धागा ओढतात. वर्षानुवर्षं तेच करून मांडीची कातडी सोलवटते. आता त्यासाठी यंत्रं आली आहेत, आणि ती प्रत्येक गावात पोचली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. या वेदनेला परंपरा म्हणून जपण्यासारखं काही नाही.

आता मागावर या. ताणा लागलेला आहे: मधे कोसा, दोन्ही कडांना काठाचे रंगीत धागे. साध्या कापडाला एक धोटा पुरतो. तो या कडेकडून त्या कडेला जातो, परत येतो. करवतीला तीन लागतात. एक अंगाचा आणि दोन काठांचे दोन.

पाय दाबा. ताण्याचे काही धागे वर गेले, काही खाली, मधे वाट झाली. काठाचा धोटा कडेकडून आत आला. अंगाचा धोटा समोरून आला. ठरलेल्या जागी एकाचा धागा दुसऱ्यात अडकला आणि जो तो आपापल्या बाजूला वळला. फणी ठोकली. पुन्हा पाय. या वेळी भेटीची जागा किंचित सरकली. पुढच्या वेळी आणखी किंचित. मग परत मागे. असा एक दाता झाला. हे सावकाश, मनातल्या मनात, पाच-सहा वेळा करा. फणी ठोकण्याआधीच्या क्षणी थांबत जा.

स्वेटरवर वेणीची नक्षी विणलेल्यांना हा थांबा ओळखीचा वाटेल. सुलट-उलट टाके हात सवयीने घालत जातो. वेणी आली की दोन-तीन टाके तिसऱ्या सुईवर उतरवायचे, पुढचे आधी विणायचे, मग उतरवलेले. टाके पुढे धरले तर पीळ डावीकडे वळतो, मागे धरले तर उजवीकडे. तिथेही दोन सुयांचं काम तिसरीशिवाय अडतं, आणि ओलांडण्याच्या जागी सवय उपयोगी पडत नाही. स्वेटरवर ही जागा काही ओळींनंतर येते. करवतीत ती प्रत्येक आडव्या धाग्याला येते, तीही दोनदा, डावीकडे आणि उजवीकडे.

कोशाच्या तकाकीचं कौतुक पुष्कळ होतं. माझ्या मते या साडीचं खरं मोल त्या अडकवण्यात आहे. कोष्टी विणकराचा दिवस तिथेच जातो, आणि ती जागा नेमकी कुणी बघत नाही. विदर्भाच्या या करवती वस्त्राला भौगोलिक मानांकन आहे. तरी यंत्रमागावर काढलेली, दाते नुसते छापलेली साडी करवती म्हणून समोर येऊ शकते.

म्हणून बोट पुन्हा दात्यांवर ठेवा आणि काठ उलटा करा. दाते मागूनही तितकेच स्पष्ट दिसायला हवेत. छापलेले असतील तर मागे फिके पडतात. मग काठाचा रंग बघा. खऱ्या करवतीत काठाचा ताणा काठाचा आणि आडवा धागाही काठाचाच, म्हणून रंग भरीव दिसतो. अंगाचाच धागा काठातून पार गेला असेल तर रंगात अंगाच्या रंगाची झाक मिसळलेली दिसते. एवढी ओळख पुरे आहे. पुढच्या वेळी दुकानात किंवा प्रदर्शनात साडी हातात घ्याल तेव्हा पदराआधी काठ उलटून पाहा, आणि दाते खरे निघाले तर भावासाठी घासाघीस करू नका.