नकाराची जबाबदारी

2006 च्या एप्रिलमध्ये राजस्थान विधानसभेने धर्मस्वातंत्र्य विधेयक मंजूर केले. बळजबरीने, आमिष दाखवून किंवा फसवून होणारी धर्मांतरे रोखणे हा त्याचा जाहीर हेतू. राज्यपाल होत्या प्रतिभाताई पाटील. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या आणि 1962 मध्ये जळगावातूनच पहिल्यांदा आमदार झालेल्या. त्यांनी सही केली नाही. काही तरतुदी धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला बाध आणतात, असे कारण देऊन त्यांनी विधेयक परत पाठवले. विधेयक चांगले होते की वाईट, यावर मतभेद राहणारच. मला त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला, ज्या व्यक्तीला कोणीही मत दिलेले नाही तिने ‘नाही’ म्हणावे, याला नैतिक आधार कोणता? माझ्या मते आधार एकच असू शकतो: नाही म्हणणाऱ्याने कारण उघडपणे सांगावे आणि त्यावर येणारे उत्तर ऐकण्यास बांधील राहावे.

या अधिकाराची दुसरी बाजू खानदेशाने फार पूर्वीच ओळखली होती. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि तिथे ब्रिटिशांचा 1935 चा भारत सरकार कायदा झिडकारला गेला. त्या कायद्यानुसार प्रांताच्या विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नर स्वतःच्या मर्जीने अडवू शकत होता. त्याने सही केली, तरी लंडनहून बारा महिन्यांच्या आत तो कायदा रद्द होऊ शकत होता. पुढे निवडणुका जिंकूनही काँग्रेसने मार्च 1937 मध्ये अट घातली, की गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरून ढवळाढवळ करणार नाहीत असे आश्वासन मिळाल्याशिवाय मंत्रिमंडळे बनवणार नाही. हा पेच जुलैपर्यंत चालला. विधेयक संदेशासह परत पाठवण्याची सोय त्याही कायद्यात होती. पण विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले तरी गव्हर्नर बांधील नव्हता. आपल्या घटनेने नेमका इथे बदल केला. कलम 111 नुसार राष्ट्रपतींनी परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले, की संमती रोखता येत नाही. 2006 मध्येच राष्ट्रपती कलामांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले, संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि त्यांनी सही केली. यात राष्ट्रपतींचा पराभव झाला असे मी मानत नाही. त्यांचे म्हणणे नोंदले गेले आणि निर्णयाची जबाबदारी संसदेने सर्वांदेखत उचलली.

यावर पहिला आक्षेप सद्सद्विवेकाचा. मनाला न पटणाऱ्या कायद्यावर सही करणे हा अधर्म नव्हे का? हिंदू कोड बिलाच्या वेळी, 1951 मध्ये, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना कळवले होते, की संमतीचा प्रश्न आला तर आपण स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेऊ. इथे धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांनी सांगितलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीता उपयोगी पडते. पहिल्याच अध्यायात विनोबा एका न्यायाधीशाचे उदाहरण देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेल्या त्या माणसाला स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आल्यावर फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. विवेकाचा आवाज आणि आपल्या माणसांची माया यांतला फरक आतून कळणे फार अवघड असते. म्हणून कारण बाहेर मांडावे लागते. अर्जुनही ‘लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो; कृष्ण ती चुप्पी चालू देत नाही, अठराव्या अध्यायापर्यंत वाद घालतो आणि शेवटी विचार करून वाटेल ते कर, असे त्याच्यावरच सोपवतो. राजेंद्रप्रसादांनी आपली हरकत लेखी कळवली, ती ऐकली गेली, आणि 1955-56 मध्ये त्या सुधारणा वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आल्या तेव्हा त्यांनी संमती दिली. हरकत आणि संमती, दोन्ही प्रामाणिक होत्या.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, कारण तो एका चांगल्या परिणामावर उभा आहे. 1986 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या टपाल विधेयकाने लोकांची पत्रे अडवण्याचा व्यापक अधिकार सरकारला मिळणार होता. राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. 1987 मध्ये त्यांची मुदत संपेपर्यंत ते तसेच राहिले. त्या मौनाने नागरिकांचे खासगीपण वाचले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्या मौनातून संसद काही शिकू शकली नाही, आणि वेगळ्या हेतूच्या माणसाला तेच मौन एखाद्या चांगल्या कायद्याविरुद्ध वापरण्याची वाट मोकळी राहिली. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी 1990 मध्ये ते विधेयक परत पाठवले, तेव्हा कुठे तो विषय सरकारच्या दारात आला. 2002 मध्ये ते मागे घेतले गेले. पत्रे वाचवायला उघड नकारही पुरला असता.

राजस्थानचे विधेयक मात्र उघड नकार आणि मौन या दोन्ही प्रकारांत सापडले. राज्य सरकारने आग्रह धरल्यावर ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ दिल्लीला गेले आणि कायदा झालेच नाही. प्रतिभाताईंच्या पहिल्या नकाराशी वाद घालता येत होता. दिल्लीतल्या विलंबाशी वाद कोण घालणार? नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मत दिले, की राज्यपालांना विधेयक बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, पण न्यायालय त्यांना किंवा राष्ट्रपतींना ठरावीक मुदतही घालून देऊ शकत नाही. म्हणजे उपाय घटनादुरुस्तीनेच व्हायला हवा, आणि तो राष्ट्रपतींकडे पाठवलेल्या राज्यांच्या विधेयकांविषयीच्या कलम 201 मध्ये हवा. राष्ट्रपतींनी परत पाठवलेल्या विधेयकाचा फेरविचार करायला त्या कलमाने विधानसभेला सहा महिने दिले आहेत. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही, कारण सांगण्याची सक्ती नाही, आणि विधानसभेने तेच विधेयक पुन्हा मंजूर केले तरी संमती देण्याचे बंधन नाही.