अकीक्याचे हाड

अकीक्याच्या बकऱ्याची हाडे मोडायची नाहीत, सांध्यातून सोडवायची, असा रिवाज बऱ्याच मुस्लिम घरांत आहे. बाळाचे हातपाय धड राहावेत, ही त्यामागची भावना. मोडलेले हाड कसे जुळते याचा अभ्यास करणारेही माणसाच्या हातापायांचीच काळजी वाहतात, पण त्यासाठी जनावराचे हाड मुद्दाम मोडतात. उंदराच्या मांडीच्या हाडात आधी सळई घालायची, मग वरून वजन टाकून ते मोडायचे, ही पद्धत १९८४ पासून रूढ आहे. आपल्या कांडवेलीची परीक्षासुद्धा बनारसला डॉ. उडुपा यांनी १९६०च्या दशकात मोडलेल्या हाडांच्या जनावरांवरच घेतली.

'तुम्ही बकरे कापता, मग उंदराचे काय घेऊन बसलात?' असे कोणी विचारील. मला हा युक्तिवाद पटत नाही. जीव घेण्याची मुभा असली तरी छळण्याची मिळत नाही. सुरी धारदार हवी, जनावरासमोर पाजळू नये, जीव जाण्याआधी मान मोडणे मकरूह, हे सारे नियम दुःख क्षणात संपावे यासाठी आहेत. प्रयोगातला उंदीर मात्र मोडक्या पायाने आठवडेच्या आठवडे जगतो. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १७व्या कलमात भूल द्यावी, निव्वळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, मोठ्या जनावराऐवजी लहान घ्यावे, असे म्हटले आहे. लहान जनावराचे दुःखही लहान असते काय, हे कायदा सांगत नाही.

खरा पेच भूल उतरल्यावरचा. सूज उतरवणाऱ्या काही वेदनाशामकांनी हाड जुळणे रखडते, असे २००२ मध्ये उंदरांवरच दिसून आले. मग निष्कर्ष बिघडू नये म्हणून औषधच न देण्याचा मोह होतो. अफूच्या वर्गातली दुसरी औषधे असताना हे मला नाजायज वाटते.

हिंगोलीच्या रस्त्यावर गाडीची धडक बसून शेळीचा पाय मोडतो. मालकाला जमले तर तो तिला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेतो. तिच्यावर उपचार करता करताही शिकता येते. अर्थात अशी दोन हाडे सारखी मोडत नाहीत, त्यामुळे तुलना अवघड होते आणि मुद्दाम मोडणे पुरते टळत नाही. पण पदवीसाठी जुनाच प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्याने आधी जुन्या नोंदी वाचाव्यात. आणि वेदनाशामक द्यायचे नसेल, तर तो प्रयोग करूच नये.