आत्ता बंद आहे काय?

दाभोळला खाडीकाठी आमची थोडी जमीन आहे. रस्त्यापासून सुरू होते आणि उतरत उतरत पाण्यापाशी संपते. समोर वाशिष्ठीचं रुंद मुख, पलीकडे धोपावे, मध्ये गाड्या-माणसं घेऊन ये-जा करणारी फेरीबोट. दापोलीहून गुहागरला जाणारे पर्यटक बोटीची वाट बघत इथे थांबतात. त्यामुळे काकांच्या मनात बरीच वर्षं एक इमारत आहे: खाली गाळे, वर हॉटेल. मी सॉफ्टवेअरवाला, पण 'कॉम्प्युटरवर काढून दाखव' हे काम घरात माझ्याकडेच येतं.

चित्र काढायला बसलो तेव्हा मला जपानमधल्या फुकुओका शहरातली अक्रोस ही इमारत सापडली. एमिलिओ अंबाझ या वास्तुविशारदाने ती रचली आणि 1995 साली ती पूर्ण झाली. रस्त्याच्या बाजूने बघितलं तर काचेचं नेहमीचं ऑफिस. मागच्या बाजूला मात्र इमारत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते, प्रत्येक पायरीवर झाडी, आणि शेवटची पायरी थेट सार्वजनिक बागेत मिसळते. सुरुवातीला तिथे सुमारे 35 हजार झाडंझुडपं लावली होती. जवळच नाका नदी. बाग कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, ते फोटोत कळत नाही.

मी तेच दाभोळला आणलं. छपरावर गवताच्या पायऱ्या, त्या पाण्याकडे उतरणाऱ्या, खाली सगळ्यांसाठी खुली बाग. काका खूश झाले. "धंदाही होईल, पुण्यही लागेल," म्हणाले.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन जागेवरच उभा होतो. एक मावशी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या जमिनीतून पाण्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी चित्र दाखवलं आणि जरा अभिमानानेच म्हणालो, "मावशी, इथे बाग होणार. सगळ्यांसाठी खुली असेल."

"मग आत्ता बंद हाय काय?" असं म्हणून त्या उतरून गेल्या.

त्या प्रश्नावर मी त्यानंतर बराच विचार केला आहे.

त्या जागेत आज काय काय होतं ते आधी बघू. उन्हात मासळी वाळत असते. कोणीतरी जाळी शिवत बसलेलं असतं. पोरं ओहोटीच्या वेळी गळ टाकतात. सातबाऱ्यावर नाव आमचं आहे, पण जाण्यायेण्यासाठी आम्हाला कोणी विचारत नाही, आणि विचारावं असं आम्हालाही कधी वाटलं नाही. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: वहिवाट.

1882 चा सुविधाधिकार कायदा वाचताना मला एक गोष्ट कळली. एखादी वाट 20 वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापरली, तर तो वापर खरंच हक्क होऊ शकतो. गावाच्या रूढीतून आलेला हक्कही कायदा ओळखतो. पण तोच वापर मालकाच्या परवानगीने होत असेल, तर कितीही वर्षं गेली तरी हक्क तयार होत नाही. परवानगी म्हणजे परवाना, आणि परवाना सहसा मागे घेता येतो.

म्हणजे ज्या दिवशी आम्ही 'उद्यान सर्वांसाठी खुले, सकाळी 7 ते सायंकाळी 7' अशी पाटी लावू, त्या दिवसापासून मावशींची वहिवाट ही आमची मेहेरबानी होईल. गूगल ड्राइव्हवर एखादं फोल्डर 'पब्लिक' केलं तरी ते पब्लिकचं होत नाही. सेटिंग मालकाच्या हातात असतं. आणि नीटनेटक्या हिरवळीवर मासळी वाळत घालायला किती दिवस परवानगी राहील? हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना वास येतो म्हटलं की संपलं.

आता काकांची बाजू. ती फालतू नाही. जमीन त्यांची, सारा ते भरतात. गाळे झाले तर गावातल्या चार पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही. दुसऱ्या कोणी ही जमीन घेतली तर तो सरळ कंपाउंड घालेल. त्या भिंतीपेक्षा माझी बाग बरी नाही का? बरी आहे. पण भिंतीशी तुलना केली की काहीही बरंच दिसतं. तुलना आज जे आहे त्याच्याशी करायला हवी.

फुकुओकात जमीन मुळात सरकारी होती. इमारतीने मोकळी जागा व्यापली आणि छपरावरून लोकांना परत दिली. तिथल्या पायऱ्यांनाही उघडायच्या-बंद करायच्या वेळा आहेत, पण देणं-घेणं स्पष्ट आहे. आम्ही मात्र लोकांकडे आधीपासून असलेली गोष्ट त्यांना भेट म्हणून देणार होतो. त्यातही एक गंमत: खाडीकाठच्या बांधकामावर सीआरझेडचं बंधन. 2011 च्या अधिसूचनेत ते भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तितकं होतं. 2019 च्या अधिसूचनेने 100 चे 50 केले. काकांना हा फरक पाठ आहे. म्हणजे आमची उदार बाग बरीचशी अशाच पट्ट्यात होती, जिथे गाळे बांधणं आम्हाला अवघड होतं.

1996 साली बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नदी, किनारा यांसारख्या गोष्टींचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. तो निकाल सरकारबद्दल होता, आमच्या सातबाऱ्याबद्दल नव्हता. पण मला त्यातून एक कसोटी मिळाली: मी दिलेली गोष्ट मला परत घेता येते का? येत असेल तर मी ती अजून दिलेली नाही.

म्हणून काकांना सुचवलं की बाग राहू दे, आधी रस्त्यापासून पाण्यापर्यंतची वाट आणि मासळी वाळवायची जागा गावाच्या हक्काची म्हणून लिहून, नोंदणी करून देऊ. मग उरलेल्या जागेत इमारत बसवू.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, असं कागदावर आलं तर जमिनीची किंमत किती पडेल, ठाऊक आहे?"

ठाऊक आहे. बागेच्या चित्रावर ते खूश झाले तेव्हा किमतीचा विषय निघाला नव्हता, कारण त्या बागेने आमचं काही जाणार नव्हतं.

त्यांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही. मी नवीन फाइल उघडली आहे. तिच्यात सध्या एकच रेघ आहे, रस्त्यापासून पाण्यापर्यंत, टोपली घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तरी जाऊ शकतील इतकी रुंद. इमारत तिच्या कडेने काढायची आहे.